दौलतरावांची टाळी

नागपूर रस्त्यावरच्या मालेगावजवळ मळ्यात वांगी आणि मेथी पिकवणारे दौलतराव तसे भित्रे नव्हते. पिकात साप निघाला तर काठीनं बाजूला सारून ते कामाला लागत. पण गेल्या वर्षापासून त्यांना स्वतःच्या हातांचीच भीती बसली होती.

त्यांची थोरली पोरगी सुचिता पुण्याला नोकरीला लागली आणि तिथं पूल खेळायला शिकली. क्यूनं पांढरा बॉल मारायचा, त्यानं आपले बॉल टेबलाच्या भोकांत घालायचे, शेवटी काळा घालायचा. बघता बघता पोरगी टीव्हीवर दिसणाऱ्या स्पर्धेत पोचली. नागपूरच्या मॅचला दौलतराव धुतलेलं धोतर नेसून गेले. शेवटच्या डावात सुचितानं काळा बॉल घातला, आणि दौलतराव उठून टाळ्या वाजवू लागले. बाकी हॉल गप्प होता. पांढरा बॉल अजून फिरत होता. तो हळूहळू कोपऱ्याकडे गेला आणि भोकात पडला. काळ्यासोबत पांढराही पडला म्हणजे फाउल, डाव गेला. कॅमेऱ्यात मात्र दौलतराव सापडले, एकटे उभे, हात जोडल्यासारखे.

तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. बाजारात ते वांगी मांडत असले की मागून कुणीतरी एकच टाळी वाजवी. लोक हसत, तेही हसत. पण हात पाठीमागं घेत.

"टाळीनं बॉल पडते का कुठं?" त्यांची बायको हौसाबाई म्हणायची.

"पडला ना," ते म्हणायचे आणि वांगी निवडायला लागायचे.

यंदा सुचितानं फोन करून मॅचला पुण्याला बोलावलं. त्यांनी फवारणीचं निमित्त सांगितलं. हौसाबाईनं त्यांची पिशवी भरून दारात ठेवली.

हॉलमध्ये बसल्याबरोबर त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. खोकला येऊ नये म्हणून तोंडात लवंग ठेवली. जरा टाळ्या वाजल्या की ते आधी पांढरा बॉल शोधत. घाई तर झाली नाही ना? शेजारी चष्मेवाल्या एक बाई होत्या, त्या सुचिता आणि तिच्यासमोरची पोरगी, दोघींच्याही फटक्यांना टाळ्या वाजवत होत्या. दौलतरावांना ते नवलच वाटलं.

डाव बरोबरीत आले. शेवटचा राहिला. सुचिता वाकली, काळा बॉल लांब होता. तिनं मारला. काळा पडला आणि पांढरा परत फिरून कोपऱ्याकडे निघाला. दौलतरावांनी डोळे मिटले. तोंडातली लवंग कडू झाली. आता पडला, आता पडला, असं त्यांच्या मनात चाललं होतं.

एकाएकी टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणासाठी, हे त्यांना कळेना. डोळे उघडले तर बॉल कोपऱ्याच्या अलीकडेच थांबला होता आणि सुचिता समोरच्या पोरीचा हात हातात घेऊन उभी होती. जिंकली होती. त्यांचे हात मात्र मांड्यांखाली बधिर होऊन पडले होते.

ती कठड्यापाशी आली. "बाबा, तुमी टाळी नाई वाजवली."

"भेव वाटलं वं. मागच्या खेपी माह्या टाळीनं..."

"टाळीनं नाई. मी जोरात मारला होता. तुमी उठाच्या आधीच मले कळलं होतं, पांढरा पडते."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी मॅचचं नावच काढत नव्हते. मले वाटलं, मी हारली म्हणून तुमाले लाज वाटून राह्यली. घरी याची बी भीती वाटे."

दौलतरावांनी बधिर हात एकमेकांवर चोळले. वर्षभर दोघं त्या एकाच मॅचला घाबरून गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी सुचिता पुढच्या मॅचमध्ये हरली. दोघी पोरींसाठी हॉल उभा राहिला. दौलतरावही उठले. चष्मेवाल्या बाईंनी टाळी वाजवलेली त्यांनी आधी नीट पाहून घेतली, टेबलावर बॉल हालत नाही ना तेही पाहिलं, मग हळूच वाजवायला लागले. तेवढ्यात कॅमेरा त्यांच्याकडे वळला. हात थांबले. क्षणभरानं त्यांनी मान खाली घातली आणि वाजवत राहिले.