फौजदाराची आधीची गोष्ट

लग्न होऊन मी आणे गावात आले तेव्हा माझ्या ट्रंकेत आठ कादंबऱ्या होत्या. आठही एकाच मालिकेतल्या, एका लंगड्या फौजदाराच्या. सासूबाईंना घरात सगळे आत्या म्हणत. त्या दुसरी शिकलेल्या, पण मोतीबिंदूमुळे अक्षर लागत नव्हतं. एका रविवारी शेंगा फोडता फोडता मी त्यांना पहिलं पुस्तक वाचून दाखवलं. मग दर रविवारी दुपारी तेच सुरू झालं. आठ संपली की पुन्हा पहिल्यापासून.

फौजदाराचा पाय कशानं अधू झाला हे लेखकानं कुठंच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, गोळी लागली असेल. आत्यांचं मत मात्र ठाम होतं. पुरातून कुणाचं तरी लेकरू काढताना तो खडकावर आपटला असणार. शेजारणींनाही त्या तसंच सांगायच्या, फौजदार जणू आमच्याच भावकीतला.

नववं पुस्तक आलं तेव्हा माझी मुलगी दहावीला होती. आळेफाट्याला एसटीची वाट बघत असताना स्टॉलवर ते दिसलं. फौजदाराच्या तरुणपणाची गोष्ट, आठांच्याही आधीची. गाडीतच वाचायला घेतलं. तीच भाषा, तोच माणूस, नुकती मिसरूड फुटलेला. इतकी खूश होते की माझा थांबा मागं गेला आणि दोन किलोमीटर उलटं चालत आले.

पुढचा भाग घरी वाचला. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यानं एका निरपराध माणसाला कोठडीत बेदम मारलं होतं. त्या माणसाच्या भावानं कुऱ्हाडीचा घाव घातला, तो या पायावर. मला लेखकाचा राग आला. लिहिलं होतं उत्तम, सगळ्यांत उत्तम बहुधा हेच. पण आमचा माणूस त्यानं आम्हाला न विचारता बदलला, असं वाटत राहिलं.

आत्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, चष्माही होता. तरी वाचायचं काम माझ्याकडेच राहिलं होतं. रविवारी मी वाचायला बसले. कोठडीचं प्रकरण आलं तशी मी चार पानं एकदम उलटली आणि पुराचं काहीतरी जुळवून सांगायला लागले.

आत्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली. "हे पुस्तकातलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तू वाचताना अशी अडखळत न्हाईस. काय व्हतं ते वाच."

मी वाचलं. प्रकरण संपल्यावर मी म्हटलं, लेखकानं उगाच लिहिलं हे, आपली जुनी पुस्तकंच बरी होती.

"तसं न्हाई," त्या म्हणाल्या. "धरून आणलेल्याला तो पहिलं पाणी का पाजायचा, ते आत्ता कळलं."

खरंच, आठही पुस्तकांत तो तसं करायचा. मी ती कितीदा वाचली होती, पण त्यापाशी कधी थांबले नव्हते.

तरी माझं मन पूर्ण वळलं नाही. पुढच्या वेळी मालिका पुन्हा सुरू करताना आत्या म्हणाल्या, आता हे नववंच आधी वाच. मी पहिलंच काढलं. त्यांनी हट्ट धरला नाही. पण पहिल्या पानावर फौजदार लंगडत चौकीत शिरला आणि माझा आवाज जरा खाली आला. आत्या शेंगा फोडत ऐकत राहिल्या.