झोपलेल्या माणसाचं घर

चहा गाळून झाल्यावर तिनं गाळणं पातेल्याच्या काठावर आपटलं नाही. ती कधीच आपटत नसे. गाळणं अलगद तिरकं धरायचं, चोथा आपसूक खाली घसरू द्यायचा आणि चमचा ठेवायचा तो ओट्यावरच्या चौपदरी फडक्यावर. नळाच्या तोंडाला जाडसर दोरी बांधलेली होती. पाणी तिच्यावरून ओघळत बादलीत उतरे, त्यामुळे थेंबाचासुद्धा आवाज होत नसे. खुर्च्यांच्या पायांना जुन्या स्वेटरचे तुकडे शिवलेले होते. रोजच्यासारखी सकाळ होती, आणि रोजच्यासारखीच ती पायांत कापडी सपाता घालून घरात वावरत होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, चांगले मुठीचे दणके. त्या दारावर नखानं टकटक करायची, हे जिन्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. हा कोण नवखा आला म्हणून ती हातातलं टाकून धावली, दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू हो. झोपलेत."

दारात वायरमन उभा होता, खांद्याला पिशवी. त्यानं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. "कोण झोपलंय, काकू?"

"आमचे हे."

"मग खुर्चीत पेपर घेऊन बसलेत ते कोण?"

तिनं मागे वळून पाहिलं. नवरा खुर्चीत बसला होता. चष्मा नाकावर, पेपर मांडीवर. तो तिच्या ओठांवरच्या बोटाकडेच बघत होता.

"मीच बोलावलंय त्याला," तो म्हणाला. "बेल सुरू करून घ्यायची आहे."

तिनं बोट खाली घेतलं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्याची नोकरी सुटून चार महिने होत आले होते. दिवसा आता या घरात कुणीच झोपत नव्हतं.

तो वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनमन होता, कायमचा रात्रपाळीला. छापखान्यात त्याला 'पन्नास' म्हणत. कारण कामाला लागल्या दिवसापासून त्याचं एकच सांगणं, पन्नासाव्या वर्षी मी सुटणार. "काय पन्नास, अजून किती राहिली?" असं कुणी चिडवलं की तो शांतपणे राहिलेली वर्षं सांगे. ऐकणाऱ्याला वाटे, हा आळशी असणार. तो आळशी नव्हता. त्याचे वडील बस चालवत. पूर्ण नोकरी करून निवृत्त झाले, सकाळी फिरायला जायचं म्हणून कापडी बूट आणले, आणि बुटांचे तळ मळायच्या आत गेले. ते बूट मुलाच्या मापाचे निघाले. वाया कशाला घालवायचे म्हणून तो तेच घालून कामावर जाई. फाटेपर्यंत घातले.

त्याचं गणित सरळ होतं. पगारातला निम्मा पैसा आपला नाहीच, असं समजायचं. तो साठवायचा, त्यावरचं व्याजही साठवायचं, आणि एक दिवस असा येईल की घर नुसत्या व्याजावर चालेल. "त्या दिवसापासून सकाळ आपली," तो म्हणे. लग्न ठरलं तेव्हाही त्यानं तिला हेच सांगितलं होतं. माझ्याकडे आत्ता फारसं काही नाही, पण पुढच्या सगळ्या सकाळी तुझ्या. तिला ते फार आवडलं होतं. कॉलेजात शिकलेल्या तिच्या मैत्रिणींना असं कुणी म्हणालं नव्हतं.

छापखान्यातल्या सगळ्यात मोठ्या मशीनवर भत्ता जास्त मिळे, म्हणून त्यानं ते मशीन मागून घेतलं. तिथं शेजारी उभ्या माणसाशीही खुणांनीच बोलावं लागे. कानांवर लावायची जाड झाकणं कंपनीनं दिली होती. पण ती लावली की कागद फाटायच्या आधीची मशीनची कुरकुर कळत नाही, असं म्हणून तो ती गळ्यात अडकवून ठेवी. सकाळी घरी येई, दोन घास खाऊन झोपे, दुपार कलली की उठून लहान छापखान्यांची मशीनं दुरुस्त करायला जाई आणि तिथूनच परस्पर रात्रपाळीला.

मुलगी रांगती असताना एकदा बायकोच्या हातून स्टीलचं झाकण पडलं. ते गोल गोल फिरत, वाजत राहिलं. तो अंगात ताप घेऊन पडला होता. उठून पलंगाच्या कडेवर बसला, डोकं हातांत धरलं. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मला एक दिवस तरी झोपू दे गं."

ते तिच्या काळजात रुतून बसलं. बेलची वायर त्यानं मुलगी पाळण्यात असतानाच काढून ठेवली होती. बाकीचं सगळं तिनं केलं. कुकर लावायचा तर भरलेला कुकर उचलून शेजारणीच्या ओट्यावर नेऊन ठेवायचा. "तुझ्या शिट्ट्या मोजायला मला पगारी ठेवलंस तर बरं होईल," असं शेजारीण म्हणायची. तिनं हिचं नावच 'शूबाई' पाडलं. मुलगी पाढे पाठ करायची ते नुसते ओठ हलवून. हसू आलं की उशीत तोंड खुपसायची. बाप तिला माऊ म्हणायचा आणि ती खरोखरच मांजराच्या पावलांनी वाढली. आता ती लग्न होऊन दुसऱ्या गावी होती आणि फोनवरही कुजबुजल्यासारखीच बोलायची. जावई पहिल्यांदा राहायला आला तेव्हा म्हणाला होता, "तुमच्या घरात सगळे चोरी करून आल्यासारखे का चालतात?" सगळे हसले होते, हळूच.

या घरात तुझी कमाई काय, असं कुणी विचारलं असतं तर तिनं जराही न अडखळता सांगितलं असतं, यांची झोप.

आणि खरंच, पन्नासाव्या वर्षी तो सुटला. सहकारी म्हणाले, "लेका, आता तुला हाक तरी काय मारायची?" तो हसत घरी आला. पहिल्या आठवड्यात उजाडायच्या आतच उठून स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसायचा. ती काम करताना बघत राहायचा. तिला अवघडल्यासारखं व्हायचं. इतकी वर्षं दिवसाउजेडी त्याच्याशी बोलायची वेळच आली नव्हती. ती काहीतरी पुटपुटे, तो म्हणे, "काय म्हणालीस?" ती म्हणे, "काही नाही." दुसऱ्यांदा सांगण्यासारखं ते नसायचंच. भाजी महाग झालीय, उन्हं आत आली, एवढंच. तो टीव्हीचा आवाज वाढवी, ती जाता-येता कमी करी. ते भांडण नव्हतं, हाताची सवय होती. हळूहळू तिचं बोलणं आणखीच तुटक झालं. त्याचं 'काय म्हणालीस' वाढत गेलं. तिला वाटे, रिकामपण माणसाला किरकिरं करतं. मग ती कुकर उचले आणि शेजारी जाई. आता कुकर तिकडे न्यायचं काही कारण उरलं नव्हतं, तरीही नेई. तिथं तिचा घसा मोकळा होई. जिन्यातल्या एकेकाची नक्कल करून ती शेजारणीला हसवी, स्वतःही पोट धरून हसे. घरी परतताना दारातच सपाता चढवी.

वायरमननं बेलचं खोकं उघडलं. त्याचा आवाज घोगरा आणि दणदणीत होता. "काका, बेल ठणठणीत आहे. वायर काढून वर पट्टी गुंडाळून ठेवलीय कुणीतरी. काम मात्र झकास केलंय."

"मीच तो," नवरा म्हणाला.

"मग परत जोडायला माझी काय गरज होती?"

"तू बाहेरून वाजवायचीस. मी आत बसून ऐकणार."

वायरमननं मान डोलावली. म्हाताऱ्या लोकांचे असले हट्ट त्याला नवीन नसावेत, पण हा म्हातारा नव्हता. वायर जोडून तो दाराबाहेर गेला. नवरा खुर्चीत सरळ बसला, दाराकडे तोंड करून, फोटो काढून घ्यायला बसतात तसा.

बेल वाजली. बारीक, चिवचिवणारा आवाज. इतक्या वर्षांनी तो घरात घुसला तशी ती दचकली, एक हात छातीवर गेला आणि दुसऱ्या हातातला चहा बशीत सांडला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो तसाच दाराकडे बघत बसला होता. वाट बघत.

बेल पुन्हा वाजली, या खेपेला बराच वेळ.

"वाजव की रे," नवरा म्हणाला.

वायरमननं दारातून डोकं आत घातलं. त्यानं काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे. मागे होऊन त्यानं आणखी एकदा बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. शेजारचं दार उघडलं. "शूबाई, तुझ्याकडे बेल वाजतेय? आज सूर्य कुठून उगवला?"

नवऱ्याची नजर बायकोवर गेली. छातीवरचा हात, बशीतला चहा, त्यानं सगळं पाहिलं.

"वाजली?"

तिनं मान हलवली.

त्यानं पेपरची नीट घडी घातली. "मला एवढंच बघायचं होतं," तो म्हणाला. "तू हळू बोलतेस की मला ऐकू येत नाही."

वायरमननं पैसे घेताना तिच्याकडे बघायचं टाळलं. जाताना त्यानं दार फार हळू ओढून घेतलं.

कानाच्या डॉक्टरांकडे ती सोबत गेली. डॉक्टरांनी त्याला एका लहान बंद खोलीत बसवलं, कानांना यंत्र लावलं आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. ती काचेतून बघत होती. बोट बराच वेळ वर होईना. बाहेर आल्यावर डॉक्टर कागदावर रेघ काढून समजावू लागले. बारीक, उंच आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटी. कानाला मशीन लावलं तर थोडी मदत होईल, पण गेलेलं परत येत नाही आणि उरलेलंही हळूहळू जाणार. बाईमाणसांचं हळू बोलणं तर यांना बऱ्याच काळापासून ऐकू येत नसणार.

"बऱ्याच म्हणजे?" तिनं विचारलं.

"हे काही अलीकडचं नाही. पंधराएक वर्षं तरी होत आली असतील. माणसाच्या लक्षातही येत नाही. झोप बाकी छान लागत असेल यांना," डॉक्टर सहज बोलून गेले.

तिला शेजारणीच्या ओट्यावरचा कुकर आठवला. उशीत तोंड खुपसलेली माऊ आठवली. तिनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

बसथांब्यावर तो एका टोकाला उभा होता, ती दुसऱ्या टोकाला बाकावर. लांबून बस येताना दिसली. "अहो, बस आली," ती म्हणाली. त्याला कळलं नाही. तिनं श्वास घेतला, पुन्हा म्हणाली. आवाज घशातच चिरकला आणि कुजबुज होऊन बाहेर आला. शेजारणीकडे भिंती हलवणारा तोच घसा, पण त्याच्याकडे तोंड केलं की त्यातून आवाज फुटेना. शेवटी ती उठली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला बसमध्ये चढवलं.

घरी आल्यावर तिनं सवयीनं सपाता घातल्या. मग काढल्या. काय करावं ते न सुचून तशीच उभी राहिली.

तो त्याच्या खुर्चीत बसला होता. "इकडे बस," म्हणाला. ती समोर बसली, त्याला ओठ दिसतील अशी.

"तू शेजारी जातेस ना," तो म्हणाला, "तेव्हा मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसतो. शब्द नाही कळत. मला वाटायचं भिंत जाड आहे. पण तू हसतेस ते कळतं. मधेच धप्पकन मांडीवर हात मारतेस, तेही कळतं. इतकं मोठ्यानं हसतेस, मला माहीतच नव्हतं."

तिनं मांडीवरचा हात उचलून पदराखाली घेतला.

"सगळ्या सकाळी तुझ्या, असं म्हणालो होतो तुला. त्या आल्याही. पण मला वाटलं होतं, त्यात काहीतरी वाजत असेल."

तिनं त्याचा हात धरला. त्याची बोटं शाईनं कायमची काळसर झालेली होती.

"आता पैसे आहेत, वेळ आहे. दुसरं काही नको मला," तो म्हणाला. "उद्या सकाळी मी पडून राहीन. तू स्वयंपाकघरातून मला हाक मार. मोठ्यानं मार. शेजारी बोलतेस तशी. मला ऐकू येतंय तोवर रोज मार."