भाऊजींचा जाडा टायर आणि बोटभर जागा

माझ्या भाऊजींना कुठलीही गोष्ट मापाची चालत नाही. घराला कुलूप लावलंय ते गोदामाचं. छत्री अशी की खाली तिघं मावतील, पण दारातून काढताना दरवेळी कुणाचा तरी डोळा थोडक्यात वाचतो. माणूस वाईट नाही. छापखान्यात मशीन चालवतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण डोक्यात एकदा शिरलं की शिरलं, मग कुणाच्या बापाचं ऐकणार नाहीत.

ह्या वेळी डोक्यात टायर शिरला.

त्याला कारण होतं. मध्यंतरी वळणावरच्या वाळूत त्यांची मोटरसायकल घसरली. मागे माझी थोरली बहीण बसलेली. तिचा गुडघा सोलला आणि भरवसा त्याहून जास्त सोलला. तेव्हापासून ताई त्यांच्या मागे बसत नाही. ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी धुते, बस बदलून बदलून जाते. भाऊजी त्याच रस्त्याने रिकामी सीट घेऊन छापखान्यात जातात. थांब्यावर ती दिसली की हॉर्न देतात. ती मान फिरवते.

ती परत मागे बसावी, एवढंच भाऊजींना हवं होतं. पण तिला तोंडाने विचारतील तर ते भाऊजी कसले! त्यांनी शोध लावला की गाडी घसरली कारण टायर बारीक.

"बारीक नव्हता, गुळगुळीत होता," मी म्हटलं. "टक्कल परवडलं. त्याच मापाचा नवा घाला."

"त्याच मापाचा घातला तर ती म्हणणार, झालं, पुन्हा तेच. तिला डोळ्यांना दिसला पाहिजे बदल."

कंपनीचं माप नव्वद मिलिमीटर रुंदीचं. हे एकशेवीस घेऊन आले, काखेत धरून, लग्न ठरल्यासारखे.

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात आणि तिथेच घोळ आहे. एकदा उस्ताद म्हणवून घेतलं की माणसाला 'नाही' म्हणायची लाज वाटते. "बसत नाही असा टायर अजून जन्माला यायचाय," असं म्हणून तो ठोकत बसला.

रिम अरुंद. त्यावर टायर चेपून बसला आणि मधोमध टेकाडासारखा फुगला. म्हणजे रस्त्याला टेकणारी पट्टी रुंद व्हायची राहिली बाजूला. हे मी बोलून दाखवलं.

"मॅडम, तुम्ही मोर्चे काढा. टायर आमच्यावर सोडा," उस्ताद म्हणाला.

सोडला. चेन घासायला लागली म्हणून चेनकव्हर काढलं. चाक ज्या लोखंडी चिमट्यात बसतं त्याच्या एका बाजूला टायर लागायला लागला, म्हणून वायसर घालून चाक सरकवलं. चाक सरकलं तशी चेन तिरकी झाली. त्यात चाक उंच झालेलं, स्टँडवर लावलं तरी जमीन सोडेना, म्हणून स्टँडखाली फळी आली. एक झाकायला जावं तर दुसरं उघडं! आणि दरवेळी भाऊजी माझ्याकडे बघणार, जणू वळणावर वाळू मीच टाकली होती.

शेवटी मडगार्ड. उस्तादाची एक ठरलेली रीत आहे. टायर आणि मडगार्डच्या मधून तो बोट फिरवतो. बोट गेलं की काम पास. गाडी फळीवर उभी, चाक हवेत लोंबतंय. त्याने बोट फिरवलं, गेलं. भाऊजींनी फिरवलं, गेलं. दोघंही असे खूश की सांगता सोय नाही.

"बस मागे," भाऊजी मला म्हणाले. "एक चक्कर मार आणि तुझ्या ताईला सांग, काय पकड आहे ते."

मोर्चातून उचलल्यावर पोलिसांच्या गाडीत मी निवांत बसलेली बाई आहे. ह्या गाडीवर जीव मुठीत धरला. पहिल्याच खड्ड्यात खालून घर्र! पुढच्या खड्ड्यात त्याहून मोठं घर्र! मग रबर जळाल्याचा वास.

"भाऊजी, घासतंय!"

"वारा आहे तो."

वारा! मी तिथेच उतरले, तरातरा घरी गेले आणि ताईला सगळं सांगितलं. कामावर जायच्या तयारीत होती ती. पिशवी उचलली आणि थेट उस्तादाच्या दारात जाऊन उभी राहिली. भाऊजी तिथे कानस घेऊन मडगार्डला भिडलेले.

"अगं, हे बघ, बोट जातंय आरामात."

"काढा ती फळी. गाडी खाली घ्या."

घेतली. ताईने पिशवी माझ्या अंगावर ढकलली आणि चढून मागच्या सीटवर बसली.

"बसा तुम्ही पण. पुढे."

भाऊजी बसले. मागचे शॉकअप दबले.

"उस्ताद, आता घाला बोट."

उस्तादाने आधी बोटाकडे पाहिलं, मग मडगार्डकडे. नख शिरेना.

"स्टँडवर उभी करून चालवायची होती का गाडी?" ताई कडाडली. "माणसं बसल्यावर बघायचं असतं ना!"

"तू बसावीस म्हणूनच तर..." भाऊजी पुटपुटले. तेही हँडलकडे बघून.

"मग तसं सांगायचं! तोंडाला काय कुलूप आहे? तेही गोदामाचं?"

नव्वदचा नवा टायर बसेपर्यंत ती बाकड्यावर ठाण मांडून होती. वायसर निघाले, चेन सरळ झाली, चेनकव्हर परत लागलं. तिने दोघांना एका शब्दाने बोलू दिलं नाही. मग पुन्हा सीटवर चढली, भाऊजींना पुढे बसवलं. "घाला बोट."

बोटाला बोट लावून दोन गेली. उस्ताद हात पुसत म्हणाला, "उतरा ताई."

"कशाला उतरू? मला उशीर झालाय. चला हो. वाळू दिसली की हळू घ्या, नाहीतर आहेच बस."

भाऊजींना किक सापडेना. सापडली, आणि गेले दोघं. माझ्याकडे ना ह्यांनी बघितलं ना तिने. ताईची पिशवी माझ्याच हातात, आणि पायाशी तो एकशेवीसचा राक्षस.

"घेऊन जा मॅडम," उस्ताद म्हणाला. "मोर्चात जाळायला होईल."