वाऱ्यावर सोडलेलं विमान

विमानतळाच्या काचेपलीकडे आमचं विमान उभं होतं. इंजिन बंद होतं, तरी त्याचा पुढचा पंखा नुसत्या वाऱ्याने सावकाश फिरत होता.

"पोटात आग घेऊन उडायचं म्हणजे कठीणच," मी म्हटलं.

शेजारी माझी भाची होती. ती इंजिनांच्या दुरुस्तीचं काम करते.

"मावशी, जुन्या जेटमध्ये सगळी हवा आगीतून जायची, म्हणून ती किंचाळायची. यात थोडीच हवा आगीत जाते आणि हा पंखा फिरवते. बाकीची आगीला वळसा घालून थंडच मागे जाते. विमान पुढे जातं ते मुख्यतः तिच्या जोरावर."

मी पंख्याकडे बघतच राहिले. एवढं अवजड धूड, आणि त्याची भिस्त न तापलेल्या हवेवर! घरातही एखादंच माणूस असं असतं. ते तापत नाही, आवाज करत नाही, आणि सगळं त्याच्यावर चाललेलं असतं.

एखाद्याला वाऱ्यावर सोडलं, असं आपण किती वाईट अर्थाने म्हणतो. थोड्या वेळाने आम्ही दोघी विमानात बसलो, आणि चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा आम्हा सगळ्यांना वाऱ्यावरच सोडलेलं होतं. मी भाचीचा घट्ट धरलेला हात सोडला.