काकूंचा पाटा

“तो पाटा उतरव आधी! होडी आहे ही, स्वयंपाकघर नव्हे!” बापूकाका असे गरजले की धक्क्यावरच्या बगळ्यांनी गावच सोडलं. तीन वर्षं खपून त्यांनी ही शिडाची होडी बांधली होती. वेग जाईल म्हणून तळाशी वजन घातलं नव्हतं. होडी इतकी हलकी, की कुणी शिंकलं तरी वेंगुर्ल्याला पोचावी. काकूंनी पाटा तळाशी मधोमध ठेवला. पाट्याशिवाय त्या माहेरीही जात नसत.

आम्ही तिघं निघालो, तर खाडीच्या मुखाशी असा वारा आला, की होडी आडवी झाली, शीड पाण्याला टेकलं आणि एक बांगडा आम्हाला ओळख दाखवून गेला. मी चौदा देवांना नारळ बोललो. तेवढ्यात होडी डुलत उठली आणि पोर शाळेतून सुटावं तशी पळू लागली. वाऱ्यापुढे बिनधास्त झुकायचं तर तळाशी आपलं असं काहीतरी जड हवंच; नुसत्या हलक्यांना हे सुख कुठलं!

बापूकाकांनी पाट्याला हात जोडले. “वाचवलंस गं! तुला हे सुचलं कसं?”

“चटणी वाटायला आणलाय,” काकू म्हणाल्या.