मामीच्या व्हिसाची चौकशी

तुमची मामी थायलंडहून वर्ध्याला हिंदी शिकायला आली आणि तुमच्या मामाशी लग्न करून पिपरी मेघेच्या आमच्या घरी राहू लागली, एवढे तुम्हाला ठाऊक आहे. लग्नानंतर काही महिन्यांनी तिचा विद्यार्थी व्हिसा संपला. सून झाली म्हणजे व्हिसा लागत नाही, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. ती बँकेत खाते उघडायला गेली, तेव्हा मुदत उलटल्याचे कळले.

पोलीस अधीक्षक कार्यालयात परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या बाईंनी दोन मार्ग सांगितले. दंड भरून देश सोडायची परवानगी घ्यायची आणि थायलंडहून पत्नी म्हणून नवा व्हिसा काढून परत यायचे. किंवा दंड भरून, लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडून इथेच राहण्याची परवानगी मागायची. गेल्यावर परत येणे केव्हा होईल हे कोणी सांगेना, आणि मामीला सातवा महिना लागला होता. म्हणून दुसरा मार्ग धरला. त्यासाठी नवरा-बायको खरोखर एकत्र राहतात असा पोलिसांचा अहवाल हवा होता. तो विरुद्ध गेला तर तिला जावे लागणार होते.

चौकशीचा शिपाई आधी समोरच्या किराणा दुकानात गेला. मी व्हरांड्यात होते. सगळे ऐकू येत होते.

"इथं कोणी थायलंडची बाई राह्यते काय?"

"नाई बा," दुकानवाली म्हणाली. "थायलंडची कायले येईन इथं? धड भाजी भेटत नाई."

माझी सून पोलिसांच्या हाती लागू नये, एवढाच तिचा हेतू. शिपाई लिहू लागला. मी रस्ता ओलांडून गेले आणि सांगितले, की ती आमच्याकडेच राहते आणि तसेच लिहून जायला हवे.

"काऊन वो मावशी, आता तर नाई म्हणे तुमी?" शिपायाने दुकानवालीला विचारले.

"धरून न्यायले आले वाटलं मले."

"मंग आता खरं सांगा. दोघं सोबत राह्यतात?"

"राह्यतात नाई त काय. परवा कूलरवरून भांडून राह्यले होते. तिले हवा पायजे, याले सर्दी होते. ते तिच्या भाषेत बोले, हा आपल्या. आमचं सारं घर जेवण सोडून आयकत होतं."

मामी तोवर फाटकापर्यंत आली होती. "झगडा थोडा ही था, चाची," ती म्हणाली.

"थोडा का लय, ते लिहायले जागा नाई," शिपाई म्हणाला आणि त्याने दुकानवालीची सही घेतली.

बाळाच्या बारशानंतर परवानगी आली. परवानगी एका वर्षाचीच आहे. पुढे पुन्हा अर्ज करावा लागेल. इतके दिवस मामीने पलंगाखाली एक बॅग भरून ठेवली होती, हे मला त्या दुपारी ती रिकामी करताना दिसले. कपडे तिने कपाटात लावले. पासपोर्ट मात्र वर, हाताशी ठेवला.