लागू नसेल ते खोडा

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मंडळातल्या पोरांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. दरवेळी लिहायला बसलो की हात आपोआप 'बंधूंनो आणि भगिनींनो' लिहून मोकळा होतो. पत्रकं लिहून लिहून हाताला तेच वळण पडलंय. आणि मग पुढचं सगळं दुसऱ्याबद्दल येतं — दुसरा कसा प्यायला, दुसऱ्याने संसार कसा बुडवला. आज ते तीन शब्द गाळले. आता समोर फक्त तुम्ही आहात आणि मला भीती वाटतेय. सभेत बोलायच्या आधी वाटते तसली नाही. तळव्यांना घाम फुटतो, तसली.

मी कोण ते आधी सांगतो. आमची वस्ती नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावामागची. वडील गिरणीत होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, मी दोन वर्षांनी जन्मलो. पंचशील मला बोलता येऊ लागल्यापासून पाठ आहे. चौथं शील — खोटं बोलणार नाही. पाचवं — दारू पिणार नाही. मी पाचवं उचललं आणि त्याचा झेंडा केला. व्यसनमुक्ती मंडळ काढलं, सायक्लोस्टाईल करून पत्रकं वाटली, हातभट्टीचे माठ फोडले, दोनदा मार खाल्ला. चौथ्यासाठी कुणी मंडळ काढत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आमचं एक पत्रक फार गाजलं. मथळा होता 'वस्तीचे वैरी', आणि खाली अकरा माणसांची नावं, बापाच्या नावासकट. कल्पना माझी, मजकूर माझा. पोरं म्हणाली, नावं नको छापू. मी म्हणालो, लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारत नाही. बावीस वर्षांचा होतो, आणि मला सगळं माहीत होतं. त्या यादीत सातवं नाव नामदेवकाकांचं होतं.

काका आमच्या मागच्या गल्लीतले. सोनेगावच्या विमानतळावर एका विमान कंपनीत मेकॅनिक — चाकं, टायर, ब्रेक यांचं काम. पत्रक निघालं तेव्हा ते प्यायचे, हे खरं आहे. पण पुढच्या बुद्धपौर्णिमेला ते विहारात उठून उभे राहिले, सगळ्यांसमोर पाचवं शील घेतलं, आणि सोडली. कायमची सोडली. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं पत्रक काढून ते नाव मागे घ्यायला हवं होतं का? हवं होतं. नाही काढलं. सुधारलेल्या माणसाचं पत्रक कोण वाचतो, असं मला वाटलं.

त्याच विमानतळावर पुढे मला नोकरी लागली. हंगामी, सहा महिन्यांची. कंपनीच्या दवाखान्यात मदतनीस — एक खोली, एक टेबल, पांढरा कोट. कंपनीविरुद्ध कुणीतरी निनावी तक्रार केली होती की वैमानिक पिऊन विमान चालवतात. म्हणून कंपनीने आपला नियम केला: उड्डाणाआधी डॉक्टरने वैमानिकाला तपासायचं आणि कागदावर सही द्यायची. श्वास तपासायचं यंत्र वगैरे काही नव्हतं. यंत्र म्हणजे नाक. फॉर्मवर एक ओळ होती: 'तोंडाला मद्याचा वास — आहे / नाही. लागू नसेल ते खोडा.'

पण विमान सुटायचं पावणेसातला आणि डॉक्टर स्कूटरवर यायचे आठला. मग काय करायचे? आदल्या दिवशी पाचपंचवीस कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ठेवायचे. खालचं मी भरायचो. वास मी घ्यायचो, खोडायचो मी, सही त्यांची. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट छाती फुगली — व्यसनमुक्तीचा कार्यकर्ता, आणि वैमानिकांची तोंडं हुंगतोय! ऑफिसात माझं वजन वाढावं म्हणून 'वस्तीचे वैरी'ची एक प्रत मी स्वतः मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी ती फाईलला लावली. हे लक्षात असू द्या.

आता त्या सकाळचं. इथवर आलो की मी नेहमी पेन ठेवतो.

कॅप्टन आले. उंचापुरा, देखणा माणूस. मला 'लीडर' म्हणायचे. त्या दिवशी दारातूनच ओरडले, "क्या लीडर, कल किसका मटका फोड़ा?" मी हसलो. ते टेबलावर वाकले आणि गंमत म्हणून माझ्या तोंडावर फुंकर मारली. "ले, सूंघ ले. जल्दी कर."

लवंग होती. आणि लवंगेखाली दुसरा वास होता. तो मला लहानपणापासून ओळखीचा आहे, त्याच्यात चूक होणं शक्यच नाही. बाटली विलायती असो की मडकं हातभट्टीचं, दुसऱ्या दिवशी सकाळी माणसाच्या तोंडातून तोच येतो. त्यांनी फॉर्मवर वैमानिकाच्या जागी सही केली. पेनाला टोपण लावायला गेले, ते लागेना. दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी पेन तसंच खिशात टाकलं.

मागे मॅनेजरसाहेब उभे होते. घड्याळ बघत. त्यांना वास आला नसेल? दोन हातांवर तर होते. पण फॉर्म माझ्यासमोर होता. मी 'नाही' खोडलं तर काय होईल, ते सगळं त्या एका क्षणात मला दिसून गेलं. विमान थांबेल. कोऱ्या कागदावरची डॉक्टरांची सही उघडी पडेल. हंगामी माणूस, गिरणीवाल्याचा पोरगा, त्याने कॅप्टनच्या तोंडाला वास येतो म्हणायचं? हातभट्टीवाल्यासमोर मी काठीला भ्यालो नव्हतो. इथे इस्त्रीच्या शर्टाला भ्यालो.

मी 'आहे' खोडलं.

बाहेर प्रवासी रांगेत होते. एक आजी, पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या. पांढरा कोट बघून मला म्हणाल्या, "डॉक्टर, काही होत नाही ना जी?" मी म्हणालो, "काही होत नाही, आजी." आणि त्यांची पिशवी उचलून दिली.

विमान वर गेलं. मग मी त्या खोलीत बसून काय केलं असेल? खिडकीतून आभाळाकडे बघत बसलो. आभाळात काही नव्हतं. फोन वाजला की उठून दारापर्यंत जायचो. डॉक्टर आले, चहा आला, चहावर साय धरली. साडेआठच्या सुमारास बाहेर धावपळ ऐकू आली. जिथे जायचं होतं त्या पलीकडच्या गावी विमान उतरलं, धावपट्टीवर थांबलंच नाही, टोक ओलांडून मातीत गेलं, एक पंख मोडला. कुणी मेलं नाही.

कुणी मेलं नाही — हे वाक्य मी चार वर्षं चघळतोय. जखमींची यादी नोटिस बोर्डावर लागली होती. त्यात त्या आजी होत्या का? मी ती वाचली नाही. बोर्डाजवळून जाताना दुसरीकडे बघायचो.

चौकशी बसली. पलीकडे उतरल्यावर कॅप्टनला कुणी हुंगलं नाही. कसं हुंगणार? निघताना तपासलेला माणूस, कागद जोडलेला. मग उरलं काय? ब्रेक. आणि ब्रेक त्या पहाटे कुणी तपासले? नामदेवकाकांनी. विमान नेमकं कशाने घसरलं हे मला आजही माहीत नाही, मी इंजिनियर नाही. पण काकांनी त्या दिवशी काम झाल्यावर दवाखान्यात बसून माझ्यासोबत चहा घेतला होता. कॅप्टन यायच्या पंधरा मिनिटं आधी. गुडघ्याला गुडघा लावून. तोंडाला फक्त चहाचा आणि तंबाखूचा वास.

आमची साक्ष व्हायच्या आदल्या दिवशी ते माझ्या घरी आले. मान खाली. म्हणाले, "साहेब लोक म्हणून राहिले, मी पेऊन काम केलं. कोनाचा तरी कागद दाखवून राहिले गा." कोणाचा कागद ते त्यांनी म्हटलं नाही. माहीत होतं त्यांना. मग एकदम पुढे वाकले, तोंड उघडलं. "तू तं रोज लोकायचे तोंडं हुंगून राहिला ना? माह्यंही हुंगून पाय. अन् सांग त्यायले. तुह्यं ऐकतील ते."

काय म्हणालो मी? "बघतो, काका."

रात्रभर हिशेब केला. मी साहेबांना सांगितलं की काका त्या सकाळी प्यायलेले नव्हते, तर पहिला प्रश्न येणार — तुला काय माहीत? मी म्हणणार, माझं नाक. मग दुसरा प्रश्न येणारच. मग कॅप्टनच्या वेळी तुझं नाक काय म्हणत होतं? म्हणजे काकांना वाचवायचं तर माझा कागद फाडावा लागत होता. दुसरी वाटच नव्हती. ती मला स्वच्छ दिसत होती, आणि मी तिच्याकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी मला आत बोलावलं. टेबलापलीकडे दोन अधिकारी, बाजूला एक लिहून घेणारा. टेबलावर 'वस्तीचे वैरी'. सातव्या नावाखाली लाल पेन्सिलची रेघ.

"हे पत्रक तुमचं?"

"हो."

"यात लिहिलंय ते खरं आहे?"

तेव्हा खरं होतं. एवढंच म्हणायचं होतं. 'तेव्हा' — एक शब्द. आणि त्यामागून 'आता नाही'. लिहून घेणाऱ्याचं पेन थांबलं होतं, तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "खरं आहे."

कॅप्टनबद्दल त्यांनी विचारलंच. मी म्हणालो, कागदावर आहे तेच. बाहेर आलो तर बाकावर काका बसलेले, डबा मांडीवर. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली — सांगितलं ना, अशी. आणि मीही मान हलवली.

काकांना काढलं. कॅप्टनची बदली झाली, पुढे ते उडत राहिले; आजही उडत असतील. माझी नोकरी कायम झाली. ती मी सहा महिन्यांत सोडली आणि वस्तीत सांगितलं, तत्त्वासाठी सोडली. लोकांनी हार घातला. तो मी गळ्यात घालून घेतला.

आता सर्वांत वाईट. हे लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. त्यानंतर कितीतरी महिने मी काकांच्या गल्लीतून मुद्दाम जायचो. काहून? विचारपूस करायला? नाही. वाट बघत होतो. नोकरी गेलेला, बदनाम झालेला माणूस — पुन्हा बाटलीकडे वळेल, आज नाही तर उद्या. मग माझं 'खरं आहे' खरं ठरेल. मी, व्यसनमुक्तीचा कार्यकर्ता, एक माणूस पिऊन पडावा म्हणून वाट बघत होतो. त्यांच्या ओसरीजवळ जाऊन हळूच श्वास घ्यायचो.

ते प्यायले नाहीत. एकदाही नाही.

आता ते कोराडीला वीज केंद्रात ठेकेदाराकडे राख उपसतात. विमानाचे ब्रेक जुळवणारे हात. आठवडाभर तिकडेच राहतात, शनिवारच्या बसने घरी येतात, केसांत राख असते. माझ्या सभेला येतात, पुढे बसतात. 'जयभीम गा, बाबू' म्हणतात. त्यांना किती कळलंय? काहीच नाही, की सगळंच? या प्रश्नाने मला झोप लागत नाही. डोक्यावरून विमान गेलं की बोलता बोलता थांबतो, आवाज पूर्ण विरेपर्यंत पुढचा शब्द येत नाही. पोरांना वाटतं, भाषणाची लकब आहे.

उद्या शनिवार. हे कागद घेऊन मी त्यांच्या घरी जाणार आहे. काकूंना वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचावं लागेल, दोघांसमोर. मग याच्या प्रती निघतील, खाली माझं नाव, बापाच्या नावासकट. एक प्रत विमान कंपनीला, एक चौकशीच्या साहेबांना. माझं काय व्हायचं ते होवो.

त्या सकाळी कॅप्टनच्या तोंडाला दारूचा वास होता. नामदेवकाकांच्या नव्हता. दोन्ही वास मी घेतले होते, पंधरा मिनिटांच्या अंतराने, त्याच खुर्चीत बसून.